सतरा बाय साडेनऊ : गॅरेजमधल्या वर्कशॉपच्या नोंदी

१२ एप्रिल २०१४, शनिवार

पद्मिनी काल गेली. किल्ली देताना बाबांनी बॉनेटवर हात ठेवला, बोलले काही नाहीत. आज सकाळी इतक्या वर्षांत पहिल्यांदा गॅरेज मोकळं दिसलं आणि मी टेप घेऊन आत शिरले.

आतल्या आत लांबी १७ फूट, रुंदी साडेनऊ. उंची मागच्या भिंतीशी ९ फूट १ इंच, शटरपाशी ९ फूट ४. माप चुकलं असं वाटून पुन्हा घेतलं, तेवढंच आलं. मग पाणसळ लावली. छत सपाट आहे, शहाबादी फरशीच शटरकडे तीन इंच उतरलेली आहे. बाबा म्हणाले, "तो उतार तुझ्या आजोबांनी मुद्दाम ठेवून घेतला. गवंडी नको म्हणत होता. पानशेत बघितलेला माणूस, त्याला पाणी आलं कुठून आणि जाणार कुठे याचीच काळजी."

आजोबा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात फिटर होते. बिऱ्हाड तेव्हा नारायण पेठेत. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात पूर आला तेव्हा बाबा अकरा वर्षांचे होते. त्यानंतर काही वर्षांनी सहकारनगरला हे घर झालं.

कोपऱ्यातून निघालेलं सामान: आजोबांची पत्र्याची पेटी, त्यात सात कानशी, दोन छिन्न्या, एक गुण्या, वेगवेगळ्या आकाराच्या हातोड्या. दोन करवती, दात गेलेल्या. आणि पोत्यात गुंडाळलेला त्यांचा बेंच व्हाइस, शेफिल्डचा 'रेकॉर्ड', चार इंची जबडे. वजनकाट्यावर सोळा किलो भरला. मी दहा-अकरा वर्षांची असताना याच व्हाइसमध्ये पट्टी धरून आजोबांनी मला कानस चालवायला शिकवलं होतं. "पुढे जाताना दाब, मागे येताना उचल. ओढून घासलीस तर दात मरतात." कानशीचे दात एकाच दिशेला कापतात, हे मला पुस्तकातून नंतर कळलं, हाताला आधीच कळलेलं होतं.

मी शिकवते त्या शाळेला सुट्टी लागायची आहे. या मे महिन्यात जागा तयार करायची, बाकी काही नाही.

२७ एप्रिल २०१४, रविवार

मागच्या भिंतीला गुडघाभर ओल होती. वॉटरप्रूफिंगवाला रसायनाची भलीमोठी यादी सांगून गेला. बाहेरून जाऊन पाहिलं, तर बागेची माती भिंतीला दीड फूट चढलेली. दोन दिवस फावडं मारून ती उपसली, भिंतीलगत खडी भरली, फुटलेला गिलावा काढून टाकला. आता एक उन्हाळा भिंत उघडीच ठेवणार, नवा गिलावा लगेच नाही. ओल कोंडली की आतून गिलावा फुगतो.

फरशीवर वादावादी झाली. मिस्त्री म्हणाले, "ताई, वर कोबा मारून लेव्हल करून घ्या, टेबलं-मशिनं ठेवणार ना?" त्यांचं बरोबर होतं, उतारावर प्रत्येक वस्तूला पाचर लागणार. तरी उतार ठेवला. फक्त सांधे खरवडून पुन्हा भरून घेतले. सतरा फुटांना तीन इंच, म्हणजे ६८ ला १. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवलाय, वर्कबेंचच्या वेळी लागेल.

उत्तरेच्या भिंतीत तीन बाय तीनची खिडकी काढली. या सगळ्या खर्चात सर्वांत शहाणा खर्च हाच ठरणार असं मला आत्ताच वाटतंय. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, आखलेल्या रेषेवर सावली पडत नाही.

२२ जून २०१४, रविवार

मंगळवार पेठेतला जुना बाजार. सकाळी आठला पोचले तर भुरभुर पाऊस, निम्म्या लोकांनी माल प्लॅस्टिकखाली झाकलेला. तीन चकरा मारल्यावर एका ताडपत्रीवर लोखंडी रंधा सापडला. स्टॅनले, पाच नंबर, इंग्लंडमध्ये बनलेला. मूठ तुटलेली, वर गंजाचं कवच. विकणारा सातशे म्हणाला, साडेचारशेला दिला.

रंधा घेताना गंज बघू नये, गंज निघतो. आधी उलटा करून पातं बाहेर येतं त्या फटीची कड नखाने चाचपायची, तिथे बीड तडकलेलं असेल तर रंधा टाकाऊ. मग तळ डोळ्यासमोर आडवा धरून उजेडाकडे बघायचं. माझ्याचा मधे किंचित खड्डा होता. घरी जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवून तळ घासला. आधी तळावर पेन्सिलीच्या रेघा ओढायच्या आणि सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासायचं. पाच संध्याकाळी गेल्या. पात्याला २५ अंशांची धार, टोकाशी ३० ची बारीक दुसरी धार. मूठ शिसमाच्या तुकड्यातून कोरली.

३ मे २०१५, रविवार

वर्षभर दाराच्या जुन्या फळीवर काम केलं. फळी हलायची, रंधा मारताना मीच तिच्यामागे फिरायचे. या सुट्टीत वर्कबेंच.

नवीन सागवान परवडणारं नव्हतं. टिंबर मार्केटमध्ये दोन तास फिरल्यावर एका वखारवाल्यानेच सांगितलं, "ताई, वाड्याचं लाकूड बघा. पाडलेल्या वाड्यांचं येतं, पिढ्यान्‌पिढ्या वाळलेलं." सहा तुळया घेतल्या, सहा बाय चार इंच, प्रत्येकी नऊ फूट. एक तुळई दीड घनफूट, एकूण नऊ. चुलीच्या धुराने काळ्याकुट्ट झालेल्या, एकीवर पिवळ्या ऑइलपेंटचे थर. कुठल्या पेठेतल्या, कुणाच्या माजघरावरच्या, काही पत्ता नाही.

१७ मे २०१५, रविवार

दोन आठवडे फक्त खिळे काढले. जुन्या तुळईत काय काय ठोकलेलं असतं ते लाकूड उघडल्याशिवाय कळत नाही: पाळण्याचा आकडा, वायरीच्या पट्ट्यांचे बारीक खिळे, एका ठिकाणी घडीव चौकोनी खिळा. स्पीकरमधलं लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या तुळयांवरून फिरवलं. जिथे ते ओढलं जाईल तिथे खडूची फुली. तरी एक खिळा निसटला आणि पात्याला दीड मिलिमीटरचा खांडा पडला.

आज पहिली तुळई साफ झाली. वरचा काळा थर निघेपर्यंत काजळीचा वास येत होता. त्याच्याखाली सहाव्या-सातव्या हाताला एकदम सोनेरी लाकूड लागलं आणि सागाचा तो तेलकट, चामड्यासारखा वास गॅरेजभर पसरला. इतकं जुनं लाकूड आतून कालच कापल्यासारखं. ढलपी लांबच्या लांब निघत होती, उजेडात धरली तर पलीकडची बोटं दिसत होती. लेक तीन वर्षांची आहे, तिने त्या ढलप्यांच्या बांगड्या करून दोन्ही हात भरले. बाबा खुर्ची टाकून शटरपाशी बसले होते. जेवायला हाक येईपर्यंत कुणी हललं नाही.

३१ मे २०१५, रविवार

वर्कबेंच उभा राहिला. माथा सात फूट बाय दोन फूट, तीन इंच जाड. पायांची जोडणी भोकात कुसू (लाकडाची जीभ) घालून, आरपार, बाहेरून पाचर ठोकून, स्क्रू एकही नाही. आमच्या गल्लीतल्या सुतारकाकांनी पहिली दोन भोकं किकऱ्याने पाडून दाखवली, उरलेली चौदा माझी. काका बघत बसायचे आणि एवढंच म्हणायचे, "घाई नको, ताई. लाकूड कुठं पळून जातंय?"

उंचीचा हिशोब: सरळ उभं राहून हात खाली सोडला की मनगटाची घडी जिथे येते तिथे माथा. माझी ३२ इंच. यापेक्षा उंच केला तर रंध्यावर अंगाचा भार पडत नाही, नुसते दंड भरून येतात. कानस चालवायला मात्र व्हाइसचा जबडा कोपराच्या उंचीला लागतो, म्हणून व्हाइसखाली दीड इंचाचा ठोकळा घातला.

पायांमधलं अंतर ६८ इंच निघालं, फरशीचा उतार ६८ ला १. म्हणून शटरकडचे पाय बरोबर एक इंच लांब केले. पाणसळीचा बुडबुडा मधोमध थांबला.

सागाची घनता धरून वजन काढलं तर शंभर किलोच्या आसपास येतं. आता रंधा कितीही जोरात मारा, जागचा हलत नाही. भिंतीला बांधायची गरज नाही.

२ ऑगस्ट २०१५, रविवार

बेंचखालचे खण अडकले. मे महिन्यात सुळ्कन सरकत होते. नऊ इंची पुढची फळी मोजली, मेमधल्या मापापेक्षा दोन मिलिमीटर जास्त. लाकूड आडव्या अंगाने फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. पुण्यातला कोरडा मे आणि ओला ऑगस्ट यांच्यात एवढा फरक पडणारच. यापुढे खणाचं माप उन्हाळ्यात घेतलं तर वरून तीन मिलिमीटर सोडायचे, पावसाळ्यात घेतलं तर एक.

१३ नोव्हेंबर २०१६, रविवार

दिवाळीच्या सुट्टीत विजेचं काम. आत्तापर्यंत घरातून ओढलेल्या एका एक्स्टेंशनवर सगळं चालू होतं, ते चूकच होतं.

ओळखीतून आलेल्या पहिल्या वायरमनने एकच लाइन टाकून दिवे आणि मशीन दोन्ही तिच्यावर दिले, वर दहा अँपियरचा एमसीबी. एक हॉर्सपॉवरची मोटर चालू केली की एमसीबी पडे आणि सगळा अंधार. त्याचं म्हणणं, एमसीबी मोठा टाका. मी नको म्हटलं, कारण वायर होती दीड स्क्वेअर मिलिमीटरची. एमसीबी वायरला वाचवायला असतो. तो मोठा केला की आधी वायर तापणार.

दुसऱ्या वायरमनने कारण नीट समजावलं. मोटर उचल घेताना नेहमीच्या पाच-सहा पट प्रवाह क्षणभर खेचते. घरगुती बी कर्व्हचा एमसीबी तीन ते पाच पटीला लगेच पडतो, सी कर्व्हचा पाच ते दहा पटीला. मोटरसाठी सी लागतो. तापकीर गल्लीतून सामान आणलं आणि दोन वेगळ्या लाइन केल्या. मशीनना चार स्क्वेअरची वायर आणि १६ अँपियरचा सी. दिव्यांना वेगळा एमसीबी, म्हणजे मशीन ट्रिप झालं तरी उजेड जाणार नाही. फिरतं पातं समोर असताना अंधार होणं यासारखं वाईट काही नाही. सगळ्यांच्या आधी ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळायला लागली की लाइन तोडणारा स्विच. बागेत अर्थिंगचा नवा खड्डा, कोळसा-मीठ घालून.

नोटाबंदीला पाच दिवस झालेत. त्याला देण्याजोग्या नोटा घरात नव्हत्या, चेक घेतला बिचाऱ्याने.

१४ मे २०१७, रविवार

लेथ आला. भोसरीतला एक छोटा कारखाना बंद होत होता, तिथून लाकूड कातायचा जुना लेथ मिळाला. बिडाचा बेड, लाकूड पकडणारा चार जबड्यांचा चक, मोटर खाली फरशीलगत. टेम्पोतून उतरवायला पाच माणसं लागली. त्याच्या पायांखाली पाचरी घालून बेड सपाट करण्यात अख्खा दिवस गेला.

संध्याकाळी ट्यूबलाइट लावून चालवला आणि अंगावर काटा आला. चक हळूहळू उलटा फिरताना दिसत होता, सेकंदाला एक फेरा, इतका निवांत की हात लावावा. खरं म्हणजे तो मिनिटाला १४४० फेरे घेत होता. वहीत हिशोब मांडला. १४४० म्हणजे सेकंदाला २४ फेरे, चार जबडे, म्हणून एका जागेवरून सेकंदाला ९६ जबडे जातात. चोकवाली ट्यूब ५० हर्ट्‌झवर सेकंदाला १०० वेळा उजळते. प्रत्येक उजळण्याला जबडा आपल्या जागेच्या किंचित मागे दिसतो, म्हणून उलटा फेरा. चक बरोबर १५०० ने फिरला असता तर चक्क थांबलेला दिसला असता.

ट्यूब त्याच रात्री काढली. लेथच्या डोक्यावर तारेचा साधा पिवळा बल्ब लावला. त्याची तार दोन उजळण्यांच्या मधे पुरती विझत नाही, त्यामुळे हा भास फारसा होत नाही. नववीच्या वर्गाला हे गणित जूनमध्ये घालणार आहे.

पहिली कातीव वस्तू: लाटणं. आईला दिलं. तिने दुसऱ्याच दिवशी पोळ्या केल्या त्यावर.

११ नोव्हेंबर २०१८, रविवार

धुळीचा बंदोबस्त. लेकीच्या अभ्यासाच्या टेबलासाठी एमडीएफ (लाकडाचा बारीक लगदा दाबून केलेली फळी) कापलं आणि दोन दिवस घसा धरला. रात्री दिवे मालवून टॉर्च लावली. काम थांबून पाऊण तास झाला होता तरी झोतात धूळ तरंगत होती. भुसा डोळ्यांना दिसतो, झाडता येतो. छातीत जाते ती ही धूळ. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ १९९५ मध्येच कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात घातलेली आहे. मी हे वाचून चार वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधत होते.

आता: रंगाच्या वीस लिटरच्या बादलीवर चक्रीवाला फनेल, त्याला घरचा व्हॅक्यूम. हवा गोल फिरते, जड भुसा बादलीत पडतो. कापताना, घासताना एन-९५ मास्क. एमडीएफ यापुढे शटर उघडून बाहेरच कापायचं.

२६ सप्टेंबर २०१९, गुरुवार

काल रात्री आंबिल ओढ्याचं पाणी घरात आलं.

दहाच्या सुमारास पाऊस असा कोसळायला लागला की समोरचं घर दिसेना. अकराच्या आत रस्त्यावर पाणी, मग फाटकातून आत. लाइट गेले. मी मेन स्विच पाडला, बाबांना आणि लेकीला वरच्या मजल्यावर नेलं. जिन्यातून गॅरेजचा आवाज ऐकू येत होता. आत काहीतरी जड वस्तू भिंतीवर आपटत होती, थांबून थांबून. काय असेल ते कळेना.

सकाळी पाणी उतरलं. शटर खालून आत वाकलेलं, उचलायला शेजारचे चौघे आले. आवाज वर्कबेंचचा होता. शंभर किलोचा बेंच तरंगला होता. खिडकीखालून निघून आडवा फिरला होता, एक पाय लेथच्या बेडवर, व्हाइसचा कोपरा खाली चिखलात. सागाची घनता पाण्यापेक्षा कमी आहे हे मी वजन काढताना स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. भिंतीला बांधायची गरज नाही, हेही मीच लिहिलं होतं.

भिंतीवर चिखलाची रेष उमटली आहे. शटरपाशी ४१ इंच, मागे ३८. उताराचे तीन इंच तिच्यात चोख उतरलेत.

अरण्येश्वरजवळ भिंत कोसळून माणसं गेली. पुणे आणि परिसरात मिळून वीसहून अधिक गेल्याचं सांगतायत. इथे आमचं सामान भिजलंय. आज दुपारभर गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या जोडप्यांच्या घरातला चिखल काढला. गॅरेज उद्या.

२९ सप्टेंबर २०१९, रविवार

घट बसले. आमच्याकडे अजून टँकरच्या पाण्याने धुणं चालू आहे.

चिखल ओला आहे तोवरच काढायचा, वाळला की दगड होतो. इथे आजोबांचा उतार कामी आला. मागून पाइप लावला आणि खराट्याने लोटत नेलं, सगळं आपसूक शटरबाहेर गेलं. शेजारच्यांच्या सपाट पार्किंगमध्ये अजून डबकी आहेत.

हिशोब: हँड ड्रिल, जिगसॉ, व्हॅक्यूम गेले. एमडीएफ आणि प्लायचं सगळं पावासारखं फुगलं. वाड्याच्या सागाला काहीही झालेलं नाही, धुऊन सावलीत वाळत ठेवलाय. लेथची मोटर मी चालू करून बघितली नाही, कुणी कितीही सांगितलं तरी करायची नव्हती. उघडली, स्वच्छ पाण्याने धुतली, चार दिवस उन्हात ठेवणार. मग रिवाइंडिंगवाल्याकडे मेगर लावून इन्सुलेशन बघायचं, बेअरिंग नवीन.

४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार

गंज काढण्याची टाकी केली. बादलीत वीस लिटर पाणी, पाच मोठे चमचे धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा बॅटरी चार्जर. हत्यार मायनसला, भंगारातली सळई प्लसला. दोन्ही एकमेकांना टेकता कामा नयेत. रात्रभरात गंजाचा काळा चिखल होऊन सुटतो, ब्रशने निघतो, खालचं लोखंड झिजत नाही. टाकी उघड्यावर ठेवायची, कारण हायड्रोजन निघतो. प्लसला स्टेनलेस स्टील कधीही लावायचं नाही, क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. बाहेर काढल्यावर लगेच पुसून, तापवून तेल. दहा मिनिटं उघडं राहिलं तर पुन्हा तांबूस पडतं.

रंधा, पटाश्या, गुण्या, छिन्न्या झाल्या. कानशींपैकी तीन वाचल्या.

६ ऑक्टोबर २०१९, रविवार

व्हाइस शेवटी घेतला. इतक्या वर्षांत तो मी कधी उघडला नव्हता. स्क्रू पूर्ण फिरवून पुढचा जबडा ओढून काढला. वर कालपरवाचा चिखल, ओला, तपकिरी. तो धुतल्यावर खाली जुन्या ग्रीसचा थर, मेणासारखा घट्ट. नटाच्या आसपास पाणी शिरलेलंच नव्हतं. ते ग्रीस घासलेट लावून सोडवत गेले. नटाच्या मागे बिडाला एक खोलगट जागा आहे, बोट जेमतेम जाईल एवढी. तिथे ग्रीसच्याही खाली काहीतरी कडक होतं. दाभणाने खरवडलं तर राखी रंगाची बारीक पूड पडली. कोरडी, पिठासारखी. हा आत्ताचा चिखल नव्हता.

तळहातावर घेऊन बाबांकडे गेले. त्यांनी चिमटीत धरून चोळली. "घासलेटच्या डब्यात दोन दिवस ठेवला होता त्यांनी," म्हणाले. "नारायण पेठेत, ओट्यावर बसून साफ केला. मी घासलेट ओतत होतो. आतला कोपरा राहिला वाटतं." मग बराच वेळ ते बोटं पुसत नव्हते.

ती पूड काढून टाकली नाही. उरलेली तिथेच ठेवून वर नवं ग्रीस भरलं, आजोबांनी भरलं होतं तसं, गच्च.

७ ऑक्टोबर २०१९, सोमवार, खंडेनवमी

बेंच जागेवर. भिंतीत चार अँकर बोल्ट, बारा मिलिमीटरचे. मोटर मेगरमध्ये पास झाली. हत्यारं धुतलेल्या धोतरावर मांडली, हळदकुंकू, झेंडू. लेकीने प्रत्येक पटाशीला वेगळं फूल वाहिलं. बादलीसुद्धा ठेवली, सोड्याची.

१० मे २०२०, रविवार

टाळेबंदीत दुकानं बंद, त्यामुळे घरात आहे त्या लाकडातच काम. भिंतीवरची ४१ इंचांची रेष पुसू दिली नाही, पेन्सिलीने गडद करून घेतली. नियम एकच: भिजून बिघडणारं काहीही रेषेखाली नाही.

फळीला लांबीने ४५ अंशांत चिरलं. एक पट्टी भिंतीला, तिरकी धार वर आणि आत. दुसरी कपाटाच्या पाठीला, उलटी. कपाट नुसतं अडकवायचं. जितकं जड, तितकं घट्ट बसतं, आणि पाणी चढायला लागलं तर दोघांनी उचलून दोन मिनिटांत जिन्यात नेता येतं. सगळ्या भिंतींवर अशा पट्ट्या साडेचार फुटांपासून वर. सॉकेट पाच फुटांवर नेले. लेथची मोटर खालून काढून भिंतीवरच्या लोखंडी ब्रॅकेटवर बसवली, पट्टा वरून खाली येतो. आवाज वाढला थोडा, चालेल.

१८ जुलै २०२१, रविवार

पावसाळी गंज. लेथचा बेड रात्री गार होतो आणि सकाळी शटर उघडलं की दमट हवा त्याच्यावर घाम धरते. सकाळी शटर लगेच उघडायचं नाही. बिडावर मेणबत्तीचं मेण चोळून फडक्याने पुसायचं, तेलासारखा त्यावर भुसा चिकटत नाही. पटाश्या झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल टाकून.

१९ मे २०२४, रविवार

लेक बारा वर्षांची झाली. माझा बेंच तिला अजून चार इंच उंच पडतो, म्हणून आधी तिने स्वतःसाठी पाट केला, उभं राहायला. आडव्या पट्ट्यांना तिने स्वतःहून फुगायला जागा सोडली. विचारलं तर म्हणाली, "मेमधलं माप आहे ना."

या सुट्टीतलं मोठं काम शटरपुढचा बांध. दोन्ही बाजूंच्या भिंतींना लोखंडी उभ्या खाचा, त्यांत एकावर एक बसणाऱ्या सागाच्या फळ्या, प्रत्येकी आठ इंच, सहा फळ्या म्हणजे अठ्ठेचाळीस इंच. फळ्यांच्या कडेला रबरी पट्टी, वरून पाचर ठोकून दाबायची. या फळ्या तरंगणार, म्हणून वर आडवी सळई. एवढं पाणी अडलं तर त्याचा दाब किती येईल हे तिच्याकडूनच काढून घेतलं. तळाला सर्वांत जास्त, म्हणून खालच्या दोन फळ्या दीड इंच जाड, वरच्या एक.

आज खालच्या दोन बसवून बाहेरून पाइप सोडला. बाबा शटरच्या आत खुर्ची टाकून बसले, हातात टॉर्च, कुठून झिरपतंय ते सांगायला. पहिल्या वेळी डाव्या खाचेतून धार लागली. पाचर काढली, लेकीने कानस घेतली आणि खाचेच्या कडेवरचा वेल्डिंगचा फुगवटा घासायला बसली. पुढे जाताना दाबत होती, मागे येताना उचलत होती. दुसऱ्या वेळी मिनिटाला नऊ थेंब. तिने मोजले.

उरलेल्या चार फळ्या पुढच्या रविवारी.